आधी वजन सांगा

काळ्या मातीवर रस्ता बांधायला माणूस आशावादी लागतो. आमची माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि एप्रिलमध्ये हात आत जाईल एवढ्या भेगा पाडून आक्रसते. वर डांबर टाकलं म्हणून तिचा हा वार्षिक कार्यक्रम थांबत नाही. आमच्या झरी-जामणी तालुक्यातला रस्ता त्यामुळे बांधताना सपाट असतो आणि पुढं स्वतःच्या मर्जीनं लाटा घेतो. त्या लाटांवरून मारकी-मांगलीकडचा कोळसा जातो, सिमेंटचे बल्कर जातात आणि दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या जातात. आमच्या मुकुटबनचा सिमेंट कारखाना २०२२ साली सुरू झाला. त्याची क्षमता वर्षाला ३९ लाख टनांची. एवढ्या मालातून चिमूटभर जरी वाटेत सांडलं असतं, तरी एव्हाना वणीपर्यंतचा रस्ता आपोआप काँक्रीटचा झाला असता. पण हल्ली गाड्यांची झाकणं फार चांगली बसतात.

आम्हाला रेल्वेही आहे. माजरी-आदिलाबाद मार्गावर मुकुटबन स्टेशन आहे आणि रेल्वेला खड्डे लागत नाहीत. मात्र ती शेतात येत नाही, लग्नाच्या मांडवाशी थांबत नाही आणि तुरीचं पोतं घरापर्यंत सोडत नाही. म्हणून शेवटी चारचाकीच.

या परिस्थितीमुळे मुकुटबनात शाळा सोडलेला माणूससुद्धा शॉकअपचा जाणकार असतो. हे ज्ञान कण्यातून वर चढतं आणि पदवी बसण्याच्या जागेवरून ठरते. ड्रायव्हरच्या हातात स्टिअरिंगचा आधार असतो, त्यामुळे तो जेमतेम मॅट्रिक. पुढच्या सीटवरचा पदवीधर. काळीपिवळीच्या मागच्या आडव्या सीटवर, चाकाच्या बरोबर वर, गुडघ्यांत पिशवी धरून बसलेला माणूस डॉक्टरेटच्या खालचा नसतो. या विषयावर लिहिण्याचा माझा अधिकारही त्याच सीटवरून आलेला आहे.

आमच्या भागाची खरी श्रद्धा पाट्यावर, म्हणजे एकावर एक पाती रचलेल्या लोखंडी स्प्रिंगवर. ट्रकला पाटे, टिपरला पाटे, बोलेरो पिकअपला मागं पाटे. इंग्लंडात ओबादाया इलियट नावाच्या गाडी बनवणाऱ्यानं १८०४ साली घोडागाडीखाली पाटे बसवण्याचं पेटंट घेतलं. दोनशे वर्षांत घोडा गेला, पाटा राहिला. त्याला कारणही तसंच आहे. पाटा वजन पेलतो, अ‍ॅक्सल जागेवर धरून ठेवतो आणि पात्यांच्या आपसातल्या घासण्यानं थोडाफार धक्काही जिरवतो. एक पातं तुटलं तरी बाकीची पाती गाडी गावापर्यंत आणतात. गावात मिस्त्री असतो. त्याच्याकडं यू-बोल्ट असतो, सेंटर बोल्ट असतो, जुन्या गाडीचं एखादं पातं भिंतीला टेकून उभं असतं आणि रात्री दहापर्यंत दुकान उघडं असतं. एवढ्या सोयी असल्यावर नव्या शोधाची वाट कोण बघतो?

पाट्याचा स्वभाव मात्र ओळखून घ्यावा लागतो. पावणेदोन टन माल वाहायला केलेली पिकअप रिकामी पळवली, तर मागची चाकं रस्त्यावर कमी आणि हवेत जास्त असतात. एवढ्या मालासाठी घडवलेलं लोखंड एकट्या क्लीनरच्या वजनानं वाकायला तयार नसतं. धक्का मग थेट चासीत आणि चासीतून क्लीनरमध्ये. कापूस भरला की तीच गाडी एकदम शहाणी होते. आमच्याकडचा एक पिकअपवाला म्हणतो, ‘‘गुरुजी, खाली गाडी चालवाले मले भेव वाटते. माल भरला का मंग पाहा कशी चालते!’’ आपण जास्तीचा माल केवळ पाठदुखीच्या कारणानं भरतो, असं त्यानं एकदा नाक्यावरच्या पोलिसालाही सांगून पाहिलं. पोलिसाची पाठ दुखत नव्हती.

पाट्याची ही व्यवस्था सुरळीत चालू असताना माझ्या भाच्यानं थार घेतली. एमएच-२९, काळी, धुतलेली. (धुतलेली हे वर्णन पहिल्या आठवड्याचं.) गाडीबरोबर त्याला व्हिडिओ बघायची सवय लागली. मेक्सिकोत बाहा नावाचं द्वीपकल्प आहे. तिथं १९६७ पासून वाळवंटातून गाड्यांची लांब पल्ल्याची शर्यत होते. त्या शर्यतीतल्या मोठ्या ट्रकांची चाकं दोन-दोन फूट वर-खाली होतात आणि वरचा माणूस मात्र चहा न सांडता बसल्यागत दिसतो. भाच्याला त्या वाळवंटात आमचा कायरचा रस्ता दिसला. त्यानं ठरवलं, आपल्याला कॉइलओव्हर पाहिजेत.

कॉइलओव्हर म्हणजे तेलानं भरलेली पोलादी नळी, तिच्यात वर-खाली होणारी चकचकीत दांडी आणि नळीच्या अंगावरच चढवलेली गुंडाळीची स्प्रिंग. नळीला बाहेरून आटे असतात आणि त्यावर फिरणारी कॉलर. महागातला प्रकार असेल तर शेजारी नळीनं जोडलेला एक छोटा डबा, त्यात नायट्रोजन. मी भाच्याला त्याच्याच गाडीचं माहितीपत्रक दाखवलं. २ ऑक्टोबर २०२० ला बाजारात आलेल्या थारला पुढं आणि मागं, चारही चाकांना कॉइल-ओव्हर-डॅम्पर आहेत, असं कंपनीनं स्वतः छापलेलं आहे. मागचे पाटे जुन्या थारला होते.

‘‘म्हणजे तुझ्याकडं आहेतच की रे.’’

‘‘हाये ना मामा. पण थे निळे नाईत.’’

अन्याय नको, म्हणून त्याची बाजूही मांडतो. कंपनीचे शॉकअप सीलबंद असतात. बिघडले की फेकायचे. बाजारातल्या चांगल्या कॉइलओव्हरमध्ये तेल जास्त मावतं, ते लवकर तापत नाहीत, स्प्रिंग बदलता येते, उंची जुळवता येते आणि आतले सील नवे टाकून त्यांना पुन्हा उभं करता येतं. दगडधोंड्यांतून तासन्‌तास गाडी हाणणाऱ्याला या सगळ्याचा उपयोग आहे. रविवारी वणीला रंगनाथ स्वामींच्या दर्शनाला जाणाऱ्याला किती आहे, हा वादाचा मुद्दा. आमच्याकडं वादाला वेळ असतोच. मिस्त्रीच्या दुकानासमोरच्या बाकावर परिषद भरली.

पहिला ठराव असा आला की शॉकअप जितका कडक तितका मजबूत. दुसरा ठराव, जितका मऊ तितका आरामाचा. ठराव मांडणाऱ्यांतल्या एकाचा टिपर होता आणि दुसऱ्याला मूळव्याध होती. दोघंही शॉकअपच्या गळ्यात स्प्रिंगचं काम घालत होते. गाडी पेलणं हे स्प्रिंगचं काम. रॉबर्ट हूक नावाच्या इंग्रजानं १६७८ साली छापून ठेवलंय, की स्प्रिंग जितकी दाबाल तितकी ती उलट जोर लावते. स्प्रिंग इतकी प्रामाणिक असते की खड्ड्यात घेतलेला धक्का ती पै-पैशासह परत करते, आणि म्हणून एकटी स्प्रिंग असलेली गाडी खड्डा संपल्यावरही नाचत राहते. तो परतावा अडवणं हे शॉकअपचं काम. तो विम्याच्या दाव्याप्रमाणे सगळं बारीक भोकांतून, थेंबाथेंबानं, दमवून दमवून सोडतो. पिस्टन तेलातून जातो, तेल भोकांतून जातं, आणि धक्क्याची सगळी ताकद शेवटी उष्णता होऊन हवेत निघून जाते. खराब रस्त्यावरून आल्यावर शॉकअपला हात लावाल तर चटका बसतो. हात लावू नका.

तेल तापलं आणि घुसळलं की त्यात फेस होतो. फेसाला अडवायची अक्कल नसते, मग गाडी तरंगायला लागते. यावर ख्रिस्तियां द कार्बों या फ्रेंच माणसानं १९५० च्या दशकात उपाय रूढ केला. तेलाच्या पाठीशी दाबाखाली वायू ठेवायचा, म्हणजे तेलाला फेसाळायची हिंमत होत नाही. शेजारच्या त्या डब्यातला नायट्रोजन याच कामाचा. निळा रंग कुठल्या कामाचा, हे द कार्बोंनी सांगितलेलं नाही.

परिषद रंगात आली होती, तेवढ्यात टिपरखालून मिस्त्री बाहेर आला. त्यानं हात पुसले आणि भाच्याला एकच विचारलं, ‘‘बाबू, गाडीचं वजन किती हाये?’’

भाच्याला हॉर्सपॉवर माहीत होती, टॉर्क माहीत होता, पाण्यात किती मिलिमीटरपर्यंत गाडी घालता येते तेही पाठ होतं. वजन माहीत नव्हतं. मुकुटबनात कोळसा काट्यावर जातो, सिमेंट काट्यावर जातं, कापूस, तूर, भंगार, सगळं काट्यावर जातं. वजनाच्या पावतीशिवाय गावातून धूळ तेवढी बाहेर जाते. अशा गावातल्या मुलाला आपल्या गाडीचं वजन सांगता येऊ नये! मिस्त्री म्हणाला, ‘‘वजन मालूम नाई अन् स्प्रिंग घ्याले निंगाला. काट्यावर चाल.’’

काट्यावरचा पोरगा खिडकीतून ओरडला, ‘‘माल काय?’’

‘‘माल नाई बाप्पा. गाडीच मोजाची हाये.’’

‘‘मालच नाई तं मोजता कायले?’’

त्याचा प्रश्न धंद्याच्या दृष्टीनं बरोबर होता. आधी पूर्ण गाडी, मग फक्त पुढची चाकं काट्यावर ठेवून, मग फक्त मागची, अशा पावत्या निघाल्या. मागून एका बल्करनं हॉर्न लावून धरला होता आणि भाचा ‘अजून थोडी पुढं, नाही मागं’ करत होता. स्प्रिंग निवडायला नेमके हेच आकडे लागतात. पुढच्या अ‍ॅक्सलवर किती, मागच्यावर किती. त्यातून चाकं, ब्रेक, अ‍ॅक्सल असं स्प्रिंगच्या खाली लटकणारं वजन वजा करायचं, कारण ते स्प्रिंगला पेलायचं नसतं. उरलं ते दोन बाजूंत वाटायचं.

यानंतर खरा हिशेब सुरू झाला. भाच्यानं लोखंडी बंपर सांगून ठेवला होता, त्यावर विंच, टपावर कॅरिअर, कॅरिअरवर डिझेलचा कॅन आणि मागं मोठं स्टेपनी चाक. ही वजनं तो धरायला विसरला. त्याच्या आईनं ती धरली आणि वर आणखी भर घातली: ‘‘आजीले दवाखान्यात कोण नेते? मावशीले स्टेशनावरून कोण आणते? तुरीचं पोतं कशात येते?’’ बाहाच्या ट्रकात तुरीचं पोतं नसतं. तिथं वजन सुरुवातीला जेवढं, त्यातून फार तर पेट्रोल जळून कमी होतं. आमच्याकडं ते प्रत्येक थांब्यावर वाढतं.

स्प्रिंगवर आकडा असतो. तीनशेची स्प्रिंग म्हणजे एक इंच दाबायला तीनशे पाउंड, आपल्या हिशेबानं सुमारे १३६ किलो. त्यात एक गंमत आहे, जी बाकावरच्या कुणालाच पटली नाही. तीनशेच्या दोन स्प्रिंगा एकावर एक ठेवल्या तर जोडीचा आकडा सहाशे होत नाही, दीडशे होतो. वजन दोघींवर तेवढंच येतं आणि दोघीही दबतात, म्हणून जोडी मऊ. मोठे कॉइलओव्हर या हिशेबावरच चालतात. छोट्या खड्ड्यांत दोन्ही मिळून मऊ राहतात. मोठा खड्डा आला की मधला तुकडा एका कड्याला अडतो, वरची स्प्रिंग थांबते आणि खालची एकटी कडक होऊन पुढचं सांभाळते. हे समजावून सांगितल्यावर टिपरवाला म्हणाला, ‘‘म्हंजे दोन लावून अर्धीच ताकद? दुकानदारानं फसवलं.’’

दुसरा गैरसमज कॉलरचा. कॉलर आवळली की स्प्रिंग कडक होते, असं छातीठोक सांगणारे लोक मुकुटबनात आहेत आणि नागपुरातही आहेत. सरळ आकड्याची स्प्रिंग आवळल्यानं तिचा आकडा बदलत नाही. गाडी फक्त उंच होते. उंच गाडी फोटोत शोभते, पण चाक खाली सुटायला जागा उरत नाही. गाडी उभी असताना दांडीच्या एकूण चालीतला साधारण तिसरा हिस्सा खाली सुटण्यासाठी राखून ठेवतात. तो राखला नाही, तर खड्ड्यात चाक खाली जाण्याऐवजी गाडीच खाली येते, ठक्‌ करून. शिवाय पुढचे शाफ्ट वाकड्या कोनात फिरतात, त्यांचे रबरी बूट फाटतात, ग्रीस बाहेर आणि माती आत.

उरल्या कॉइलओव्हरवरच्या फिरवायच्या चाव्या. एक दाबताना अडवते, एक सुटताना अडवते. फिरवली की टिक्‌-टिक्‌ वाजते, आणि वाजणारी वस्तू फिरवल्याशिवाय आमच्याकडं कुणाला राहवत नाही. पुढं गाडीला कॉइलओव्हर बसल्यावर भेटायला येणारा प्रत्येकजण जाता जाता दोन टिक्‌ फिरवून जायचा. गाडी एका खड्ड्यात बसकण मारायची आणि दुसऱ्यात उडी. शेवटी मिस्त्रीनं नियम घातला: एका वेळी एकच चावी, दोनच टिक्‌, मग तोच रस्ता, तीच गती, आणि काय वाटलं ते वहीत लिहायचं. खड्ड्यानंतर गाडी वर येऊन एकदाच स्थिरावली पाहिजे. दोनदा डुलली तर सुटतानाची चावी आवळायची. ओळीनं खड्डे आले आणि गाडी वर न येता खालीखालीच बसत गेली, तर तीच चावी सैल करायची.

तर भाच्यानं शेवटी कॉइलओव्हर घेतले. निळेच घेतले, पण वजनाच्या पावत्यांवरून. दुकानदार जी स्प्रिंग गळ्यात मारत होता तिच्याहून मऊ. तिथून पुढं राखण्याचं काम सुरू झालं आणि त्याचे व्हिडिओ कमी असतात.

कोळशाची पूड, सिमेंटची धूळ आणि काळा चिखल यांचा दांडीवर जो लेप बसतो, तो वाळला की कानशीसारखं काम करतो. दांडी आत-बाहेर होताना तो लेप सीलवरून फिरतो आणि सील खातो. म्हणून चिखलातून आल्यावर साध्या नळाच्या पाण्यानं, वाळायच्या आत धुवायचं. सर्व्हिसिंगवाल्याचा जोराचा फवारा सीलच्या तोंडावर धरायचा नाही, कारण बाहेरची माती तो सीलच्या आत पोहोचवतो. मग फडकं घेऊन दांडीवरून बोट फिरवायचं. दगडाचा टवका उडालेला असेल तर बोटाला लागतो. तो टवका प्रत्येक खेपेला सील कापत राहणार, हे धरून चालायचं. दांडीवर तेलाचा पुसट ओलावा चालतो. तेलाचा ओघळ आला आणि त्यावर धूळ चिकटून काळी रेघ दिसली, की सील गेलं. कॉलरचे आटे घासून साफ ठेवायचे, नाही तर पावसाळ्यानंतर कॉलर फिरत नाही आणि तिच्यावर हातोडी पडते.

बुशचंही एक शास्त्र आहे, आणि ते पाटेवाल्यांना पूर्वीपासून ठाऊक आहे. रबरी बुशचा बोल्ट गाडी जॅकवर लटकत असताना पूर्ण आवळायचा नाही. गाडी चाकांवर उभी करायची, वजन येऊ द्यायचं, मग आवळायचा. लटकत्या स्थितीत आवळला तर गाडी खाली आल्यावर रबर पिळलेलं राहतं आणि महिन्या-दोन महिन्यांत फाटतं. मग ‘कुर्र-कुर्र’ आवाज येतो आणि लोक शॉकअपला नावं ठेवतात.

नायट्रोजनचा प्रसंग वेगळाच. भाचा टायरच्या दुकानात गेला, कारण तिथं ‘नायट्रोजन मिळेल’ अशी पाटी आहे. दुकानदारानं तीस-पस्तीस पीएसआय दाब भरायचा पाइप पुढं केला. या डब्यांना दीडशे ते दोनशेच्या आसपास लागतो आणि त्यासाठी वेगळा सिलिंडर, वेगळा रेग्युलेटर. दुकानदार उदार होता. म्हणाला, ‘‘मंग हवाच मारून देऊ का दोनशे?’’ साध्या हवेत ओल असते, ती आत गंज धरते, आणि तापल्यावर दाबही नीट राहत नाही. भाचा परत आला. दाब भरायचा, सील बदलायचे, तेल बदलायचं, तर नागपूर किंवा पुणं गाठावं लागतं. पाट्याचं काम नाक्यावर होतं. हा फरकही किमतीत धरायला हवा, कारण बिलात तो लिहिलेला नसतो.

कायद्याचाही एक खड्डा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीच्या कागदांशी जुळणार नाहीत असे बदल गाडीत करता येत नाहीत. आहे त्या जागी त्याच मापाचा शॉकअप बदलणं वेगळं आणि गाडी चार इंच उचलून वर मोठी चाकं चढवणं वेगळं. तेव्हा आधी आरटीओत आणि विम्याच्या कार्यालयात विचारून घ्यावं. अपघातानंतर विचारलं तर उत्तर लवकर मिळतं आणि आवडत नाही.

आता निळा रंग काळ्या चिखलाखाली आहे, कुणाला दिसत नाही. गाडी मात्र बरी चालते. मागच्या सीटवरच्या डॉक्टरेटनं मी हे प्रमाणपत्र देतो. मात्र त्या बरेपणातला मोठा वाटा टायरचा आहे. शेतातल्या चाकोरीत शिरताना भाचा आता टायरची हवा थोडी कमी करतो, डांबरावर आला की पंपानं भरतो आणि मुख्य म्हणजे हळू चालवतो. या तिन्ही गोष्टी स्वस्तात होतात, म्हणून कुणी त्यांचे व्हिडिओ करत नाही.

माझा निकाल असा. टन मोजून माल वाहणाऱ्याला पाटाच योग्य, त्यानं निळ्या रंगाकडं बघूही नये. घर ते शेत ते वणी एवढंच जाणं असेल तर कंपनीचे शॉकअप पुरतात, वेळेवर बुश बदला. खरोखर दगड-नाल्यांत गाडी घालायची हौस असेल आणि दर पावसाळ्यानंतर खाली वाकून बघायची तयारी असेल, तर कॉइलओव्हर खुशाल घ्या. मात्र दुकानदाराला फोन करण्याआधी काट्यावर जा. पुढचं वजन, मागचं वजन, घरच्यांचं आणि पोत्याचं वजन खरंखरं सांगा. आणि ते ऐकून न घेता ज्यानं आधी रंग विचारला, त्याच्याकडून घेऊ नका.